बेज सीटवर हळद-कुंकू, डॅशबोर्डवर डबल टेपचा चिकटा: कशाने काढायचं?

मृण्मयी_पुणे
नमस्कार मंडळी. सात वर्षं वापरलेली हॅचबॅक घेतली आहे. यांत्रिक बाजू तपासून घेतली, ती ठीक आहे. आतून मात्र गाडीची पार कळा गेली आहे. नेमकं काय आहे ते सांगते.

पुढच्या डाव्या सीटवर (बेज कापड, वर कव्हर नाही) हळद-कुंकवाचा तळहाताएवढा डाग आहे. ओल्या फडक्यावर भांड्यांचा साबण घेऊन पुसला, तर पिवळा भाग विटकरी लाल झाला आणि डाग पसरला.

डॅशबोर्डवर डाव्या बाजूला गणपतीची छोटी मूर्ती डबल टेपने चिकटवलेली होती. मूर्ती निघाली, पण राखाडी फोम आणि चिकटा तसाच राहिला आहे. साधारण ४ सेंमी बाय ३ सेंमी.

मागच्या सीटवर आणि तिच्या पुढच्या कार्पेटवर कधीतरी दूध सांडलेलं असावं. काचा बंद करून गाडी उन्हात राहिली की आंबूस वास येतो.

ड्रायव्हरच्या दारावर काचेच्या बटणांची जी पट्टी असते ती चिकचिकीत झाली आहे, बोटाचा ठसा उमटतो. मागच्या सीटबेल्टवर काळे ठिपके आहेत.

घरात पांढरं व्हिनेगर, खायचा सोडा, भांड्यांचा लिक्विड साबण, नेलपॉलिश रिमूव्हर आणि सॅनिटायझर आहे. वॉशिंग सेंटरवर सांगितलं की चिकटा पेट्रोलने जातो. आधी कशाला हात घालू आणि यातलं काय अजिबात वापरू नको?

रंगारी_इचलकरंजी
ताई, हळदीचं आधी सांगतो, कारण तो डाग साबणाने बिघडला आहे आणि पुन्हा साबण लावला तर आणखी बिघडेल.

हळदीला चुना लागला की लाल होते हे घरोघरी माहीत असतं. पारंपरिक कुंकू तसंच बनतं. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. आम्लात किंवा साध्या पाण्यात तो पिवळा राहतो, क्षार लागला की विटकरी लाल होतो. कपड्यांचा साबण, खायचा सोडा, सोडा घातलेली पावडर हे सगळे क्षारीय. भांड्यांचा लिक्विड सौम्य असतो, पण तोही बहुधा क्षाराकडे झुकलेला असतो आणि घासलं की रंग धाग्यात आत सरकतो. म्हणजे तुमचा डाग वाढला तो कमी, रंग बदलला जास्त. घाबरायचं कारण नाही, हे उलटवता येतं.

आधी चाचणी. कान साफ करायच्या काडीचा कापूस पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, पिळा आणि लाल भागाच्या कडेला टेकवून अर्धा मिनिट थांबा. लाल जाऊन पिवळं दिसलं तर ती हळदच. गुलाबी किंवा लाल तसंच राहिलं तर बाजारातल्या कुंकवातला कृत्रिम रंग आहे, त्याचा रस्ता वेगळा. बऱ्याचदा एकाच डागात दोन्ही असतात, म्हणून तीन-चार जागी टेकवून बघा.

हळद निघाली तर क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा कोरडी पावडर. कुंकवाचे कण धाग्यात अडकलेले असतात. व्हॅक्यूमचं चिंचोळं तोंड लावून ते ओढून घ्या. ब्रश फिरवू नका आणि हाताने झटकू नका.

मग व्हिनेगर आणि पाणी समसमान, एकूण दोन-तीन चमचे पुरे. पांढऱ्या सुती फडक्याला लावून डागावर दाबायचं, कडेकडून मध्याकडे. डाग पुन्हा पिवळा झाला की साध्या पाण्याच्या फडक्याने दाबून व्हिनेगर काढून घ्या आणि कोरडं होऊ द्या.

आता आयसोप्रोपिल अल्कोहोल. हळद पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणूनच नुसत्या पाण्याने हा डाग हलत नाही. मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं मिळतं, तेवढं चालेल. सीटखालच्या न दिसणाऱ्या कापडावर आधी लावून बघा: पांढऱ्या फडक्यावर बेज रंग उतरला तर तिथेच थांबा. नाही उतरला तर फडकं ओलसर करून डागावर दहा सेकंद दाबायचं, उचलायचं, फडक्याची स्वच्छ घडी पुढे घ्यायची, पुन्हा दाबायचं. फडक्यावर पिवळं उमटतं आहे तोवर हे चालू ठेवा. वीस-पंचवीस वेळा दाबावं लागतं, कंटाळू नका. घासलं की पिवळं वर्तुळ मोठं होतं, याच पायरीला लोक चुकतात.

घरातलं सॅनिटायझर यासाठी नको. जेल असेल तर त्यातला घट्ट करणारा पदार्थ आणि ग्लिसरीन कापडात राहतं, सुकल्यावर ती जागा चिकट होते आणि धूळ धरते.

जी फिकट पिवळी झाक उरेल ती उन्हावर सोडा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. गाडीच्या काचेतून अतिनील किरण कमी येतात, पण हळद दिसणाऱ्या निळ्या उजेडानेही उडते, त्यामुळे काच बंद असली तरी काम होतं, जरा सावकाश. दार उघडं ठेवून थेट ऊन मिळालं तर तीन-चार दुपारी पुरतात.

एवढं करूनही राहिलं तरच हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमधल्या बाटलीवर बहुतेक वेळा ६ टक्के किंवा २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं, त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. पुन्हा लपलेल्या जागी चाचणी, मग कापसाने लावा, दहा मिनिटं, मग साध्या पाण्याने दाबून काढा. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एका बाटलीत कधीही मिसळू नका, त्यातून झोंबरं, डोळे-नाक जाळणारं आम्ल तयार होतं. आधीचं व्हिनेगर पाण्याने काढलेलं असलं की झालं.

मृण्मयी_पुणे
धन्यवाद. इथे अल्कोहोल वापरायचं म्हणजे सीट किती ओली झालेली चालते? डाव्या सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतात.

ट्रिमवाला_नाशिक
ते पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, बेल्ट घट्ट करणाऱ्या यंत्रणेचे असतात. त्यांना हात लावायचा नाही. इग्निशन चालू असताना तर काढायचे नाहीतच, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो स्कॅनरशिवाय जात नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत डाव्या सीटच्या गादीत माणूस बसल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. त्यामुळे त्या सीटवर बादलीभर फेस आणि पाणी हा प्रकार नको. रंगारींनी सांगितलं तसं फडकं ओलसर, पिळलं तर थेंब पडू नये इतकंच. अल्कोहोल असेल तेव्हा चारही दारं उघडी, इंजिन बंद, जवळपास उदबत्ती-सिगारेट काही नाही.

आता टेप. मूर्तीखालचा टेप बहुधा फोमचा असतो, त्याला दोन्ही बाजूंनी अ‍ॅक्रिलिकचा चिकटा. फोम आणि चिकटा हे दोन वेगळे थर आहेत आणि ते वेगवेगळ्या रीतीने निघतात.

फोम आधी. हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर, १५ सेंमी अंतरावरून, हलवत हलवत ३० ते ४० सेकंद. हाताला चटका बसत नाही इतपत गरम. मग मासेमारीची नायलॉनची दोरी किंवा दात साफ करायचा धागा फोमच्या खालून करवतीसारखा ओढा. फोम आडवा कापला जाऊन सुटतो. ब्लेड, स्क्रू ड्रायव्हर, किल्ली यातलं काही नको. डॅशबोर्डवर जी चामड्यासारखी बारीक नक्षी असते ती प्लॅस्टिकमध्येच साच्याने उमटवलेली असते. एकदा घासून सपाट झाली की तिथे कायमचा चकाकता डाग राहतो, तो कुठल्याही पॉलिशने जात नाही.

मग उरलेला चिकटा. अंगठ्याला थोडं पाणी लावून तो गोल गोल चोळा, रबराच्या खोडासारख्या वळ्या होऊन येतो. निम्म्याहून जास्त इथेच निघतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. राहिलेल्यावर अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस दोन मिनिटं ठेवा. अ‍ॅक्रिलिक चिकटा अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, फुगतो आणि पकड सोडतो, म्हणून भिजत ठेवणं महत्त्वाचं. मग जुनं एटीएम कार्ड फडक्यात गुंडाळून कडेने सरकवा. दोन-तीन फेऱ्या लागतील. संत्र्याच्या सालीच्या तेलाचा चिकटा-काढू स्प्रे मिळाला तर काम लवकर होतं. तो थेट डॅशबोर्डवर न मारता फडक्यावर मारा आणि नंतर सौम्य साबणपाण्याने तेलकटपणा पुसून टाका. तेल राहिलं तर धूळ बसून काळा चौकोन तयार होतो आणि लोकांना वाटतं चिकटा परत आला.

नेलपॉलिश रिमूव्हर बंद करून कपाटात ठेवा. त्यात अ‍ॅसिटोन असेल तर एबीएस प्लॅस्टिक आणि मीटरच्या पुढची पारदर्शक खिडकी दोन्ही विरघळतात. पहिल्या पुसण्यात चिकटा जातो, दुसऱ्या पुसण्यात वरचा थर, आणि तिथे पांढरट खडबडीत खड्डा राहतो. अ‍ॅसिटोन नसलेलं रिमूव्हरही नको, त्यातही बहुधा तशाच जातीचं द्रावक असतं.

पेट्रोलचं म्हणाल तर चिकटा जातो हे खरं. पण बंद गाडीत त्याची वाफ साठते, एका ठिणगीचं काम आहे. शिवाय मऊ कातडीचा डॅशबोर्ड असेल तर ती कातडी फुगते, उन्हात सुकताना आक्रसते आणि सहा महिन्यांनी तिथे सुरकुती दिसते. वॉशिंग सेंटरवाल्याचं काम तोवर संपलेलं असतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चिकटा पूर्ण गेल्यावरही तिथे ४ बाय ३ चा गडद चौकोन दिसू शकतो. तो डाग नाही. टेपखालचं प्लॅस्टिक सात वर्षं उन्हापासून वाचलं आणि आजूबाजूचं विटलं, एवढाच त्याचा अर्थ. घासत बसू नका. काळ्या प्लॅस्टिकला रंग परत आणणारं, सिलिकोन नसलेलं ड्रेसिंग पूर्ण डॅशबोर्डला एकसारखं लावलं तर फरक बराच झाकला जातो.

आणि डाव्या बाजूला म्हणालात. त्या भागातच पुढच्या प्रवाशाची एअरबॅग फाटून वर येते. झाकणाची शिवण बारीक असते, कधी दिसतही नाही. तिथे रसायन मुरू देऊ नका आणि नवी मूर्ती परत तिथे चिकटवू नका. एअरबॅग उघडली तर ती मूर्ती प्रवाशाच्या तोंडावर येईल. देव हवाच असेल तर मधल्या कन्सोलवर खाली ठेवा.

गावठी_उपाय
एवढं कशाला? डागावर सोडा टाका, वर व्हिनेगर ओता, फस्स करून फेस येतो आणि डाग वर उचलला जातो. चिकट्याला खोबरेल तेल.

रंगारी_इचलकरंजी
दादा, फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात आणि मागे उरतं ते मिठासारखं सोडियम अ‍ॅसिटेट आणि पाणी. साफ करणारं दोन्हीपैकी काहीच शिल्लक राहत नाही. वरून ते मीठ सीटच्या फोममध्ये जातं, दमट हवेत ओल ओढतं आणि सुकलं की कापडावर पांढरी कड येते. हळदीवर आधी सोडा टाकला तर काय होतं ते मृण्मयीताईंनी साबणाने करून दाखवलंच आहे.

सोड्याचा खरा उपयोग कोरडा आहे. वास धरून ठेवायला रात्रभर पसरायचा आणि सकाळी व्हॅक्यूमने काढायचा. तोही कार्पेट पूर्ण सुकल्यावर, नाहीतर लगदा होऊन धाग्यात बसतो.

ट्रिमवाला_नाशिक
खोबरेल तेलाचं मात्र पूर्ण चूक नाही. कागदी स्टिकर, जुना पार्किंगचा पास, पीयूसीचा स्टिकर यांच्या मागे बऱ्याचदा रबराचा चिकटा असतो, तो तेलाने पंधरा-वीस मिनिटांत मऊ होतो. काचेवर बिनधास्त वापरा. फोम टेपच्या अ‍ॅक्रिलिकवर मात्र त्याचा जोर चालत नाही. कापडावर तर नकोच, चिकट्याच्या जागी तेलाचा डाग मिळेल.

मागच्या काचेवर स्टिकर असेल तर काचेतल्या बारीक आडव्या रेघा सांभाळा. त्या काचेच्या आतल्या बाजूला छापलेल्या तारा आहेत, दव घालवणाऱ्या. ब्लेड फिरवलं की एक रेघ तुटते आणि त्या पट्ट्यात पावसाळ्यात दव राहतं. तिथे तेल आणि बोटाचं नख एवढंच.

आता बटणांची पट्टी. ही दोन कारणांनी चिकट होते आणि आधी ओळखायला हवं कुठलं. साबणपाण्यात पिळलेल्या पांढऱ्या मायक्रोफायबरने दोन मिनिटं पुसा. फडकं पिवळट-तपकिरी झालं आणि पट्टी कोरडी लागली तर ती हाताची चरबी, क्रीम, सॅनिटायझरचा थर होता. विषय संपला. फडक्यावर काळं-करडं उतरलं आणि पट्टी अजून चिकट असेल तर मळ नाही, वरचा रंगच कुजला आहे. हाताला मऊ लागावा म्हणून प्लॅस्टिकवर पॉलियुरेथेनचा पातळ थर मारलेला असतो. हवेतला ओलावा आणि उष्णता मिळून वर्षानुवर्षं त्याच्या साखळ्या तोडतात आणि तो गुळाच्या पाकासारखा होतो. कोकणात आणि मुंबईत हे लवकर दिसतं. हे साफ होत नाही, काढूनच टाकावं लागतं.

काढायची रीत: दार उघडं, इग्निशन बंद. पट्टी बहुतेक गाड्यांत लॅचवर असते, प्लॅस्टिकच्या उचकटणीने एका टोकाने वर येते, मागचा कनेक्टर दाबून सुटतो. बटणांत थेंब जाऊ नये म्हणून ती बाहेर काढून करणं बरं. अल्कोहोल इथे शक्यतो ९९ टक्के, कापूस एक मिनिट ठेवायचा, मग जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने एकाच दिशेने पुसायचं. तुकडा लगेच माखतो, टाकून दुसरा घ्या. आठ-दहा तुकडे लागतात. बटणांवरची पांढरी चिन्हं त्याच थरावर छापलेली असतील तर तीही जातील, म्हणून एका बटणावर करून बघा. खालून साधं काळं, थोडं चमकदार प्लॅस्टिक निघतं. देखणं नाही, पण हाताला चिकटत नाही. टाल्कम पावडर फासून चिकटपणा जातो असं सांगणारे भेटतील. आठवडाभर जातो.

पाऊस_आणि_पत्रा (रत्नागिरी)
दूध आणि बुरशी यांचं मी सांगतो. दोन्हींचं मूळ ओल, पण उपाय उलटे आहेत.

दुधावर गरम पाणी किंवा स्टीम मारायची नाही. दुधातलं प्रथिन उष्णतेने घट्ट होऊन धाग्याला धरतं. थंड पाणीच. आणि वर पुसून वास जाणार नाही, कारण दूध कापडातून फोममध्ये आणि कार्पेटखालच्या जाड नमद्यात गेलेलं असतं. जिथे दूध पोचलं तिथे औषध पोचायला हवं.

मागच्या सीटची बसायची गादी बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढून दोन खटक्यांवर बसवलेली असते. पुढच्या कडेला दोन्ही हात घालून सरळ वर झटका दिला की सुटते. गादी उलटी करून फोम हुंगा. खरंच हुंगा, वासाचं केंद्र नाकाने सापडतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मांजर-कुत्र्याच्या मुतासाठी एन्झाइमचा क्लीनर मिळतो, तोच इथे लागतो. बाटलीवर सांगितलं असेल तेवढाच पातळ करा. फोमवर आणि कार्पेटवर इतका घाला की दुधाने जेवढी जागा भिजवली असेल तेवढी भिजेल. वर प्लॅस्टिकचा कागद अंथरा आणि चार ते सहा तास ओलं राहू द्या. एन्झाइम ओलं असतानाच काम करतं, सुकलं की थांबतं. फवारून दहा मिनिटांत पुसून टाकलं की पैसे वाया. त्याच्याआधी पेरॉक्साइड किंवा ब्लीच लावू नका, ते एन्झाइमलाच मारतं.

नंतर थंड पाण्याने दोनदा ओलं करून पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने काढून घ्या. घरातला साधा व्हॅक्यूम पाण्याला लावू नका, मोटर जाईल. ओला व्हॅक्यूम नसेल तर जाड टॉवेल अंथरून त्यावर उभं राहायचं. टॉवेल बदलत चार-पाच वेळा उभं राहिलं की आश्चर्य वाटावं इतकं पाणी येतं.

सुकवणं हाच अर्धा इलाज. गादी बाहेर, फोम उन्हाकडे, दोन दिवस. कार्पेटची कड उचलून खाली काहीतरी ठेवा आणि टेबल फॅन लावा. पावसाळा असेल तर काचा उघड्या ठेवून काही होत नाही, बाहेरचीच हवा ओली असते. तेव्हा काचा बंद करून, आतली हवा फिरती ठेवून एसी वीस मिनिटं चालवा, गाडी मात्र मोकळ्या जागेत. एसी हवेतलं पाणी खाली गटारीसारखं टाकतो.

सीटबेल्टच्या पट्ट्यांवरचे काळे ठिपके म्हणजे बुरशी. पट्टा पूर्ण बाहेर ओढा आणि वरच्या फटीशी मोठ्या चिमट्याने पकडा, म्हणजे आत गुंडाळला जाणार नाही. कोमट पाण्यात लिटरला एक चमचा सौम्य साबण, मऊ ब्रश, धाग्याच्या दिशेने. मग व्हिनेगर-पाणी समसमान लावून अर्धा तास, मग साधं पाणी. सावलीत पूर्ण सुकेपर्यंत चिमटा काढायचा नाही. रात्रभर लागतो. ओला पट्टा आत गेला तर गुंडाळीत पुन्हा बुरशी येते आणि यंत्रणा गंजते. ब्लीच अजिबात नको, तसंच टर्पेंटाइन, थिनरही नको. पट्ट्याचे धागे कमकुवत झालेले डोळ्यांना दिसत नाहीत. ठिपक्यांचा फिकट डाग राहिला तर राहू द्या. पट्टा उसवलेला, काठ फुललेला असेल तर बदला.

बुरशी ब्रशने उडवताना मास्क लावा आणि शक्य तितकं गाडीबाहेर करा.

पण हे सगळं करायच्या आधी ओल कुठून येते ते बघा. डाव्या पायाखालचं कार्पेट दाबा. पाणी वर आलं तर एसीची पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलेली असण्याची शक्यता मोठी. एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडत नसतील तर नक्कीच बघा. दुसरी जागा बॉनेटच्या मागे, पुढच्या काचेखाली: पानं अडकून तिथलं पाणी आत उतरतं. ओल तेलकट, गोडसर वासाची असेल आणि पुढच्या काचेवर आतून धुकट थर येत असेल तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आहे, हीटरची जाळी गळते आहे. ते गॅरेजचं काम, साफसफाईचं नाही.

मृण्मयी_पुणे
चाचणी केली. व्हिनेगरने मधला सगळा लाल भाग पिवळा झाला. कडेला पाच रुपयांच्या नाण्याएवढा एक ठिपका मात्र गर्द गुलाबीच राहिला. डाव्या पायाखालचं कार्पेट कोरडं आहे. छतालाही एक चहाचा शिंतोडा आहे, त्याचंही विचारून घेते.

रंगारी_इचलकरंजी
तो गुलाबी ठिपका कृत्रिम रंगाचा. त्याला आधी हात लावा, पिवळा भाग नंतर. उलट केलं तर अल्कोहोल पसरून गुलाबी पिवळ्यात शिरेल आणि मग दोन्हीशी झगडत बसाल.

ठिपक्याच्या भोवती पाण्यात पिळलेल्या फडक्याने एक ओलसर रिंगण करा. बाहेर सरकणारा रंग तिथे पातळ होतो, कडक काठ धरत नाही. मग ठिपक्यावर आधी थंड पाण्यात पिळलेला कापूस दाबा. कापूस गुलाबी झाला तर रंग पाण्यात सुटणारा आहे, नुसत्या पाण्याने आणि धीराने जाईल, आणखी काही लावू नका. कापूस पांढराच राहिला तर अल्कोहोलचा बोळा, एका वेळी एक, प्रत्येक वेळी नवा. चौथ्या-पाचव्या बोळ्यानंतर रंग येणं बंद झालं की थांबा, त्यापुढे कापडाचा रंग निघू लागतो. उरलेल्या गुलाबी झाकेला ३ टक्के पेरॉक्साइड दहा मिनिटं, फार तर दोनदा. कृत्रिम रंगाला उन्हाचा भरवसा धरू नका, काही वर्षानुवर्षं टिकतात.

डाग गेल्यावर तेवढाच गोल स्वच्छ आणि बाकीची सीट मळकी दिसेल. पाण्याची कडही राहील, कारण सुकताना पाणी कडेकडे मळ वाहून नेतं. म्हणून शेवटी शिवणीपासून शिवणीपर्यंत पूर्ण पट्टा एकसारखा ओलसर फडक्याने पुसा, वर कोरडा मायक्रोफायबर टॉवेल अंथरून रात्रभर ठेवा. खालून वर येणारा मळ सीटच्या कापडात न अडकता टॉवेलमध्ये जातो.

ट्रिमवाला_नाशिक
छताला पाणी आणि स्टीम दोन्ही नको. छताचं कापड पातळ फोमवर चिकटवलेलं असतं आणि तो फोम पुठ्ठ्यासारख्या पाटीवर. डिंक भिजला किंवा तापला की कापड पोटासारखं खाली लोंबतं, आणि ते परत चिकटवायला पूर्ण छत उतरवावं लागतं. अर्धा लिटर पाण्यात अर्धा चमचा भांड्यांचा लिक्विड, हलवून फक्त वरचा फेस फडक्यावर घ्या. पाणी नाही, फेस. शिंतोड्यावर टेकवा, उचला, कोरड्या फडक्याने टिपा, पुन्हा. दुधाच्या चहाला दोन-तीन दिवस लागले तरी चालेल, मधे पूर्ण सुकू द्या. बोटाने दाबून घासू नका, आतला फोम चुरा होतो आणि तिथे खळगा दिसतो.

स्क्रीन आणि मीटरच्या खिडकीला काच साफ करायचा निळा स्प्रे लावू नका, त्यातल्या अमोनिया-अल्कोहोलने वरचा चकाकी मारणारा थर पट्ट्यापट्ट्यांनी उडतो. साधं पाणी, स्वच्छ मायक्रोफायबर. ज्या फडक्याने डॅशबोर्डचं ड्रेसिंग पुसलं ते फडकं काचेला फिरवलंत तर रात्री समोरच्या दिव्यात पूर्ण काच धुकट दिसेल, त्यामुळे काचेचं फडकं वेगळ्या रंगाचं ठेवा.